डोंगरवाट विचारून घ्यावी
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



आरतीच्या वेळी मंडळासमोर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत अलीकडे फोर-व्हील ड्राइव्हच्या गाड्या बऱ्याच दिसतात. त्यांचे तरुण मालक मला गाठून विचारतात, "काका, डांबरी रस्ता सोडून डोंगरात जायचंय, तंबू ठोकून रात्र काढायचीय. चांगली वाट कुठे सापडेल?" कार्यकारिणीने आज याच प्रश्नाचे उत्तर द्यायला मला उभे केले आहे.

आपले रायपूर म्हणजे भाताच्या बांध्यांची मोठी परात. डोंगर आहेत ते परातीच्या काठावर. कवर्ध्याच्या पुढे मैकल रांगेतली चिल्फी घाटी, दक्षिणेला महानदीचा उगम असलेला सिहावा, त्याच दिशेला केशकालचा वळणावळणांचा घाट आणि दूर उत्तरेला सरगुज्यातले मैनपाट. घाटांचे मुख्य रस्ते पक्के आहेत. आपल्याला हवी असते ती त्यांना फुटणारी बैलगाडीची किंवा वनखात्याची कच्ची वाट.

पहिले काम घरी बसून होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यांत दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. रेषा एकमेकींना चिकटल्या की चढ उभा आहे असे समजावे. उपग्रहाच्या चित्रात वाट स्पष्ट दिसते, पण ते चित्र उन्हाळ्यातले असेल तर नाल्याला आज पाणी किती, हे त्यावरून कळत नाही.

दुसरे काम मातीचे. छत्तीसगढी शेतकरी मातीला नावाने ओळखतो. 'भाटा' म्हणजे माळावरची लाल, मुरमाड जमीन. ती पाणी धरत नाही आणि चाकाला आधार देते. 'कन्हार' म्हणजे काळी, चिकट माती. पावसानंतर तिच्यात चारही चाके एकदम फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ सुचवतो. उभ्या उतारावर लो रेंज आणि पहिला गिअर लावावा, गाडी इंजिनानेच धरू द्यावी. सारखा ब्रेक दाबला की चाके घसरतात. नाला आधी पायी ओलांडावा. जिथे माणसाचा पाय टिकत नाही तिथे गाडी घालू नये. आणि कधीही एकट्या गाडीने जाऊ नये.

तिसरे काम परवानगीचे. बारनवापारा, भोरमदेव, सीतानदी-उदंती, कांगेर घाटी या संरक्षित क्षेत्रांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवान्याशिवाय शिरता येत नाही. राखीव जंगलात विस्तव पेटवण्यावर १९२७ च्या वन कायद्याचे बंधन आहे. त्यामुळे शेकोटीची हौस घरच्या अंगणात भागवावी. बस्तरमधल्या कच्च्या वाटांना पेरलेल्या सुरुंगांचा इतिहास आहे. तिकडे ठाण्यात चौकशी केल्यावाचून डांबर सोडू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे चौथे काम. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट नावाचा इंग्रज अधिकारी चुनारहून दक्षिणेकडची वाट शोधत रतनपूर, रायपूर, कांकेर करीत निघाला. रायपूर तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. बस्तरच्या बाजूला गोंडांनी त्याला अडवले आणि त्याला पश्चिमेकडे वळावे लागले. त्याच्याजवळ शिपाई होते, मोजणीची साधने होती. नव्हती ती तिथल्या माणसांची संमती. दोनशेहून अधिक वर्षे झाली, तरी डोंगरवाटेचा हा नियम बदललेला नाही.

मैकलच्या पायथ्याच्या एका गावात एका सियानाने, म्हणजे वडीलधाऱ्या माणसाने, मला वाटेवर आडवा टाकलेला ओंडका दाखवला. शहरातल्या काही गाड्या कापणी झालेल्या बांध्यांतून गेल्या होत्या. गाडीवाल्यांना वाटले, नुसती धसकटे आहेत. पण इथे भात उभा असतानाच त्यात तिवरा पेरतात. त्याला 'उतेरा' म्हणतात. तिवरा म्हणजे आपल्या विदर्भातली लाखोळी. भात कापल्यावर धसकटांत ती बोटभर उगवलेली असते. त्या कुटुंबाचे वर्षाचे दुसरे पीक चाकांखाली गेले. गावाने वाट बंद केली, आणि त्यात गावाचे काहीच चुकले नाही.

मित्रहो, रिकामे दिसणारे रान रिकामे नसते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाखाली सावली पाहून तंबू ठोकावासा वाटतो. पण गावात मोहाच्या झाडांवर घराघरांचे हक्क ठरलेले असतात. पहाटे फुले वेचायला माणसे येतात, आणि त्याआधी अस्वलही येते. कोरडा नालाही रिकामा नसतो. वरच्या डोंगरात पाऊस पडला की खाली पाणी न सांगता उतरते. सरगुजा, कोरबा, रायगड या पट्ट्यात हत्तींचे कळप फिरतात आणि आता ते महासमुंद, धमतरीपर्यंत येतात. आज कळप कुठे आहे हे वनरक्षक आणि गावचा कोटवार सांगू शकतात.

म्हणून गावाच्या वेशीवर गाडी बंद करावी, खाली उतरावे, राम राम करावा आणि विचारावे, "ए रद्दा कहाँ जाथे, कका?" या एका प्रश्नाने वाट कळते, तंबूची जागा कळते आणि रात्री काही घडले तर धावून येणारे माणूसही मिळते. आपण महाराष्ट्रातून येऊन इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलो ते इथल्या लोकांनी सामावून घेतले म्हणून. डोंगरातही वेगळी रीत कशाला हवी?

शेवटी बाप्पांचे एक ठिकाण सांगतो. दंतेवाडा जिल्ह्यात फरसपालजवळ बैलाडीलाच्या रांगेत ढोलकलच्या शिखरावर सुमारे तीन फुटांची प्राचीन गणेशमूर्ती उघड्या आभाळाखाली बसली आहे. जानेवारी २०१७ मध्ये ती कड्यावरून खाली पाडलेली आढळली, तिचे तुकडे झाले होते. दरीतून ते तुकडे गोळा करून, सांधून मूर्ती पुन्हा तिथेच बसवली गेली. तिथे कितीही ताकदीची गाडी पोचत नाही. पायथ्याला गाडी ठेवावी लागते आणि गावातल्या वाटाड्यामागून जंगल चढावे लागते. तरुणांनी या हिवाळ्यात तिथूनच सुरुवात करावी, अशी माझी सूचना आहे.



गणपती बाप्पा मोरया!