पावसाळ्यातली सुरमई

गेल्या जुलैत पुण्यात मोबाईलवरून सुरमई मागवली, अर्ध्या तासात दारात. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "आत्ता? होड्या तर वर ओढून ठेवल्यात!"

आमच्या थळला १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. मासळीची वीण व्हावी म्हणून. मग घरात सुके बोंबील, जवळा आणि अलिबागचा पांढरा कांदा. वास येतो म्हणून तोच डबा मी फ्लॅटवर न्यायला नको म्हणायचो.

मी स्वतः ॲप बनवतो. 'उपलब्ध नाही' दिसलं की आम्हाला ती चूक वाटते. समुद्रासाठी मात्र ती विश्रांती आहे.

यंदा डबा आणलाय. तुमच्याकडे पावसाळ्यात काय शिजतं? नक्की कळवा.