मजूर, मुकादम आणि मालक : गावपातळीवरील नोंदीचे महत्त्व



बुलडाणा जिल्ह्याचे घाटावरील आणि घाटाखालील असे दोन स्वाभाविक भाग पडतात. घाटाखाली मलकापूर, नांदुरा व शेगाव ही गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावर आली आणि कापसाच्या व्यापाराबरोबर खामगाव-मलकापूर परिसरात कारखानदारी रुजली. घाटावर मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांतील शेती मात्र मुख्यतः पावसावर अवलंबून राहिली. खरिपाचे पीक हाती आले की या गावांतील अनेक कुटुंबे पुणे, छत्रपती संभाजीनगर, सुरत अशा ठिकाणी बांधकामावर अथवा कारखान्यात कामास जातात. उलटपक्षी, समृद्धी महामार्गाचे काम सुरू झाले तेव्हा याच तालुक्यांत परराज्यांतून मजूर आले.

या येण्याजाण्यात मजूर आणि मालक यांची प्रत्यक्ष गाठ क्वचितच पडते. मध्ये उभा असतो तो मुकादम, ठेकेदार किंवा मनुष्यबळ पुरविणारी संस्था. ही मध्यस्थी सर्वस्वी वाईट आहे असे म्हणता येणार नाही. कामाचे ठिकाण कोठे, मजुरी किती, राहण्याची सोय काय, याची माहिती खेड्यातील माणसाला तिच्यामार्फतच मिळते. परंतु उचल घेऊन निघालेल्या मजुराचे नाव कोणत्याच कागदावर नसेल, तर संकटसमयी त्याची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

२० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीडनजीक, महामार्गाच्या कामासाठी लोखंडी सळ्या व मजूर घेऊन जाणारे वाहन उलटून १३ मजुरांना प्राण गमवावे लागले. अशा दुर्घटनेनंतर वारसांना पहिली गरज भासते ती मृत व्यक्ती कोणाच्या कामावर होती, हे दाखविणाऱ्या पुराव्याची.

कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली आणि बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या व या कायद्यांतील तरतुदी त्यांत सामावल्या गेल्या. त्यांतील दोन बाबी विशेष ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, प्रत्येक कामगारास नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. दुसरी, ठेकेदाराने वेतन बुडविल्यास ज्या आस्थापनेत काम झाले तिच्या मालकावर ते देण्याची जबाबदारी येते.

तथापि ठेकेदाराच्या परवान्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा ५० आहे; १९७० च्या मूळ कायद्यात ती २० होती. पंधरा-वीस माणसे घेऊन जाणारा गावचा मुकादम सहसा या परवान्याच्या कक्षेत येत नाही. मालकाची जबाबदारी कायद्याने मान्य केली, तरी त्याच्याकडे काम केल्याचे दाखविता आले नाही तर ती कागदावरच राहते. म्हणूनच गावातील नोंदीला मोल आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत पूर्वानुभव आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची नोंदणी मंडळाकडे झाली, मालकाने मजुरी मंडळाकडे भरावी अशी व्यवस्था झाली, आणि विखुरलेल्या कामगारालाही भविष्य निर्वाह निधीसारखे लाभ मिळू शकले. मालक अनेक असले तरी नोंद एके ठिकाणी असावी, हे त्यामागील सूत्र होय.

पंचायत सदस्यांनी हेच सूत्र आपल्या गावात आणावे. कामास निघणाऱ्यांची एक साधी वही ठेवावी. तीत मजुराचे नाव, मुकादमाचे नाव व दूरध्वनी क्रमांक, मूळ मालक, कामाचे ठिकाण, ठरलेली मजुरी आणि घेतलेली उचल एवढे लिहिले तरी पुरे. कारखान्यात जाणाऱ्या तरुणाने भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक व वेतनचिठ्ठी मागून घ्यावी, हेही त्यास समजावून सांगावे.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदविण्यासाठी १८ ते ६० हे वय आणि वर्षभरात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ग्रामीण भागात हे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार ग्रामसेवकांनाही देण्यात आला. मंडळाचा निधी बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून उभा राहतो. म्हणून खऱ्या मजुराला प्रमाणपत्र नाकारणे जितके अन्यायाचे, तितकेच खोटे प्रमाणपत्र देणेही अन्यायाचे आहे.

शिक्षकांचे स्थान यात महत्त्वाचे आहे. कुटुंब गाव सोडते हे वर्गातील रिकाम्या जागेवरून त्यांनाच प्रथम कळते. त्यांनी मुलास शिक्षण हमी पत्रक द्यावे आणि त्याच वेळी पंचायतीस खबर द्यावी.

मजूर कामासाठी गाव सोडतो, त्याबरोबर त्याचे हक्क सुटत नाहीत. ते सिद्ध करण्याचे साधन त्याच्या हाती देणे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या तिघांनी मनावर घेतल्यास सहज शक्य आहे. पुढील हंगामातील पहिली टोळी निघण्यापूर्वी ती वही प्रत्येक ग्रामपंचायतीत उघडली जावी, एवढीच अपेक्षा.