दुखणे अंगावर काढण्याआधी पासबुक उघडा

समोरच्या आजी-आजोबांना विचारतो, डोळ्याला अंधुक दिसते, चढावर दम लागतो, तेव्हा दवाखान्यात कधी जाता? "वयच झालंय", "सुगी उरकू दे", "पोरगा सुट्टीला येऊ दे". उत्तर बहुधा यातलेच एक. पण मोतीबिंदू झाला असेल तर शस्त्रक्रियेने दिसू लागते. वाढलेला रक्तदाब अनेकदा काहीच जाणवू देत नाही. कित्येकांना तो अर्धांगवायू झाल्यावरच कळतो. तो तर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मोजून मिळतो.

गाठीला पैसा असलेले लोकही थांबतात. पैसा असतो, हाताशी नसतो.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. योजनेतल्या रुग्णालयात वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. ही रक्कम घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून असते. वय आधारवरून धरतात. माहितीसाठी १४५५५ वर फोन करा. मात्र हे दाखल झालात तर. डॉक्टरांची साधी तपासणी, महिन्याच्या गोळ्या, चष्मा, तालुक्याचे गाडीभाडे हा खर्च आपलाच, आणि माणूस अडतो तो इथेच. म्हणून औषधपाण्याचे थोडे पैसे बचत खात्यात मोकळे ठेवा. एक लाखाची एकच मुदत ठेव करण्यापेक्षा पंचवीस-पंचवीस हजारांच्या चार करा. गरज पडली तर एकच मोडेल. ठेवीवर कर्जही मिळते. सावकाराकडे जाण्याआधी शाखेत विचारा.

आता जरा नीट ऐका. "वारस लावलाय, काळजी नाही," असे पुष्कळ जण सांगतात. वारस म्हणून नोंदवलेल्या माणसाला तुम्ही हयात असेपर्यंत एक रुपयाही काढता येत नाही. आजोबा अंथरुणाला खिळले आणि खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर असले, तर आजी बँकेतून रिकाम्या हाताने परततात. त्यासाठी खाते संयुक्त हवे आणि व्यवहाराची अट "दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात" अशी हवी. दुसरे नाव विश्वासाच्याच माणसाचे घाला, कारण त्याला सगळी रक्कम काढता येते. गोड बोलणारा पुतण्या म्हणून घालू नका!

खाते एकट्याचेच राहिले आणि माणूस आजारी पडला, तरी वाट आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही उठत नसेल तर नुसती खूण चालते, साक्षीदार तसेच. पैसे कोण नेणार ते खातेदाराने सांगायचे. शाखेत कोणी नाही म्हटले तर व्यवस्थापकांना ही सूचना दाखवायला सांगा.

संयुक्त खात्याचे अर्ज मी बरोबर आणले आहेत. ज्यांना दुसरे नाव घालायचे त्यांनी त्या माणसाला घेऊन चहानंतर थांबा. दोघांचे आधार, फोटो आणि पासबुक लागेल.