दहा उंटांचं पाणी

जुळे सोलापुरातून बोलतेय. पंखा बंद ठेवलाय, नाहीतर माईकमध्ये त्याचीच घरघर येते. त्यामुळे मधेच थांबले तर समजा, घाम पुसतेय.

आजचा प्रश्न आमच्या तरुण संघात नेहमी निघतो. स्थळ आलं, तर मुलगा खरंच विश्वासात आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

आपल्या बायोडेटात एक ओळ ठरलेली असते. ‘तारण पावलेली, उपासनेला नियमित.’ माझ्याही बायोडेटात आहे, पप्पांनी टाकलीय. खोटी नाही ती. पण तिच्यावरून माझ्याबद्दल काय कळलं तुम्हाला? रविवारी सकाळी मी कुठे असते, एवढंच.

आता उत्पत्तीचा 24 वा अध्याय काढा. बघण्याचा कार्यक्रमच आहे तो. अब्राहाम आपल्या नोकराला इसहाकासाठी मुलगी बघायला पाठवतो. नोकर दहा उंट घेऊन निघतो आणि नाहोराच्या नगराबाहेर, संध्याकाळी बायका पाण्याला येतात त्या वेळी, विहिरीपाशी थांबतो. तो प्रार्थना करतो ती अशी, की मी प्यायला पाणी मागेन, आणि जी मुलगी आपणहून उंटांनाही पाजते म्हणेल, तीच असू दे.

इथे जरा हिशोब करा. तहानलेला उंट एका वेळी शंभरेक लिटर पाणी पिऊ शकतो. असे दहा. घागरीने खाली उतरून भरायचं, वर यायचं, कुंडात ओतायचं, परत खाली. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात भांडी कोण भरतं, त्यांना विचारा हे काम काय असतं. आणि रिबकाला माहीतच नाही की आपल्याला कुणी बघायला आलंय! तिच्यासाठी तो फक्त एक दमलेला परका माणूस. ‘तू कुणाची मुलगी?’ हे नोकर विचारतो, पण उंटांचं पिऊन झाल्यावर. अब्राहामाने आपल्याच नात्यातली मुलगी आण म्हणून बजावलं होतं, ते मी लपवत नाही. पण क्रम बघा ना. आणि निघायच्या वेळी घरचे रिबकाला बोलावून विचारतात, या माणसाबरोबर जातेस का? ती जाते म्हणते, तेव्हा निघते.

आमच्याकडे क्रम उलटा. मागे एक स्थळ आलं होतं. मुलाने चहाच्या आधी प्रार्थना केली, इतकी सुंदर की मम्मीचे डोळे भरले. मग त्याच्या घरच्यांपैकी एकाने पप्पांना हळूच विचारलं, ‘तुम्ही मूळचे कोण?’ हा प्रश्न काय असतो, ते आपल्या लोकांना सांगावं लागत नाही. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या, तरी आधीची जात कोणती, हे हवं असतं. पप्पांनी मान खाली घातली. मुलगा मोबाईल बघत राहिला. नंतर मी नाही म्हटलं, तेव्हा पप्पाच चिडले, ‘एवढा विश्वासू मुलगा!’ आठवडाभर घरात धड बोलणं नव्हतं. आजही कधीकधी वाटतं, मी घाई केली का? पण ते मोबाईल बघणं काही डोळ्यांपुढून जात नाही.

‘अविश्वासी माणसाशी जोडले जाऊ नका’ यासाठी 2 करिंथ 6:14 दाखवतात. तिथे लग्न हा शब्द नाही. चित्र आहे जुवाचं. अनुवादाच्या 22 व्या अध्यायातही बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नका असं आहे. शेतकऱ्याला कारण सांगायला नको, दोघांची चाल वेगळी, मान एकाची सोलते. मी ते वचन हलकं करत नाहीये. पण दोघंही चर्चला जाणारे असले म्हणजे चाल एकच असते, असं थोडंच आहे?

आणि लग्नानंतर श्रद्धाच बदलली तर? नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कर्मठ घरातल्या, लहानपणीच लग्न झालेल्या. हे त्यांना विचारून झालं नव्हतं. मधली वर्षं नवऱ्यापासून दूर गेली, त्यातली काही आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात. पुढे त्या परत टिळकांजवळ राहायला आल्या, त्या हिंदू म्हणूनच, स्वतःचं सोवळं सांभाळत. बाप्तिस्मा घेतला 1900 मध्ये, स्वतःला पटल्यावर. ‘स्मृतिचित्रे’ वाचा. टिळक तापट, घरातलं उचलून कुणालाही देऊन टाकणारे, एका नोकरीत न टिकणारे. त्यांचा बायोडेटा आला असता तर पप्पांनी परत पाठवला असता! पण बायकोच्या मनातून जात निघेपर्यंत तो माणूस थांबला. हे कुठल्या बायोडेटात दिसणार?

म्हणजे विहिरीची परीक्षा पक्कीच, असंही नाही हं. याच रिबकाने पुढे म्हाताऱ्या, आंधळ्या इसहाकाला मुलाच्या मदतीने फसवलं.

येत्या रविवारी उपासनेनंतर अजून एक स्थळ येतंय. तो आमचा पाण्याचा दिवस आहे. मोटर त्याच वेळी लावा, असं पप्पांना सांगून ठेवलंय. वरच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांच्या घागरी जिन्यातच असतात. फक्त हा भाग त्याने ऐकलेला नसावा. शेअर करताना जरा बघून करा!