संगणकयुगातील कला आणि यत्नाचार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपते न आटोपते तोच घराघरांतील मोबाईल वाजू लागतात. जोडलेले हात, एक कमळ, एक दिवा आणि खाली ‘मिच्छामि दुक्कडम्’. एकच चित्र दहा ठिकाणांहून येते आणि पुढे शंभर ठिकाणी जाते. ज्याच्याशी वर्षभर अबोला होता त्यालाही तेच, आणि ज्याच्याशी कधी काही बिघडलेच नाही त्यालाही तेच. चित्र सुबक असते, रंग झळाळते असतात. परंतु ते कोणी काढले हे पाठविणाऱ्यास ठाऊक नसते आणि नेमके कोणत्या चुकीबद्दल क्षमा मागितली हे घेणाऱ्यास कळत नाही. संगणकाने कलेचे काय केले, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

कारण क्षमापना आणि कला यांचे नाते जैन समाजात फार जुने आहे. चातुर्मासासाठी आचार्यांना विनंती करणारी आणि पर्युषणानिमित्त क्षमा मागणारी ‘विज्ञप्तिपत्रे’ श्रीसंघाकडून पाठविली जात. ही पत्रे म्हणजे कागदाच्या लांबच लांब गुंडाळ्या असत. त्यांवर अष्टमंगल, मंदिरे आणि गावचा बाजार असे चित्र रेखाटून मग मजकूर लिहिला जाई. आग्र्याच्या संघाने १६१० साली विजयसेनसूरींना पाठविलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. पर्युषणकाळात जीवहिंसेस मनाई करणारे फर्मान जहांगीर बादशहाने काढले, तो प्रसंग चित्रकार उस्ताद शालिवाहन याने त्यात रंगविला. एका संघाने एका आचार्यांना लिहिलेले ते पत्र होते. ते दुसऱ्या कोणास पाठविता आले नसते. त्याचे मोल नुसत्या रंगकामात नव्हते. ते कोणासाठी आणि कशासाठी, याची जाणीव त्याच्या प्रत्येक रेषेत होती, त्यात त्याचे मोल होते.

मात्र एवढ्यावरून ‘जुने ते सोने’ असा निष्कर्ष काढणे न्यायाचे होणार नाही. हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक आपली व्यथा नोंदवीत. पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर खाली रोखून हा ग्रंथ लिहिला आहे, तरी तो जपावा, असे ते विनवीत. पण त्याच लेखनिकांपैकी अनेक जण असेही लिहून ठेवीत, की मूळ पोथीत जसे दिसले तसे उतरविले, अशुद्धीचा दोष आम्हांस देऊ नये. म्हणजे न समजता पुढे पाठविण्याची खोड आजची नाही. हाताने केलेले सारेच उत्तम नव्हते आणि यंत्राने केलेले सारेच हीन नाही.

प्रत्येक नव्या साधनाबद्दल समाजात शंका उत्पन्न झाली आहे. एकोणिसाव्या शतकात धर्मग्रंथ छापण्यास अनेक जैन बांधवांचा कडवा विरोध होता. छापखान्यात शास्त्राची आशातना होईल अशी त्यांची भीती होती. तरीही पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली, मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके राहिलेली धवला टीका १९३९ पासून अमरावतीहून प्रसिद्ध होऊ लागली आणि १९५९ पर्यंत तिचे सोळा खंड पूर्ण झाले. छपाई झाली म्हणून शास्त्राची प्रतिष्ठा उणावली नाही. उलट अभ्यासक वाढले.

याचे दुसरे उदाहरण घरचेच आहे. शिवछत्रपतींचे संस्कृत काव्यचरित्र रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरास आहे. त्यांचे ‘शिवभारत’ दीर्घकाळ हस्तलिखितातच राहिले. पुढे सदाशिव महादेव दिवेकर यांनी तंजावरच्या पोथीच्या आधारे १९२७ साली ते प्रकाशात आणले. आज पोलादपूरचा एखादा विद्यार्थी एस.टी.ची वाट पाहता पाहता तो ग्रंथ मोबाईलवर उघडू शकतो. आणि २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी बाजारपेठेत व घरांत शिरले तेव्हा कागदाचे काय होते, हे महाडकरांना वेगळे सांगावे लागत नाही. चोपड्या, छायाचित्रांचे अल्बम, जुनी पत्रे एकदा चिखलात गेली की गेली. पोथ्यांची व छायाचित्रांची संगणकीय प्रत करून ती अन्यत्र ठेवणे, हे आजच्या काळातील ज्ञानपंचमीचेच काम आहे.

मग बिघडते कोठे? बिघडते ते निवड आणि थांबणे संपते तेथे. कॅमेऱ्यात छत्तीस छायाचित्रांचा रोल असे, तेव्हा रायगडावर गेलेला मनुष्य कळ दाबण्यापूर्वी ऊन कोठून येते हे पाहत असे. आज एका सहलीत तीनशे छायाचित्रे निघतात आणि त्यांतील दहाही पुन्हा पाहिली जात नाहीत. हाही एक परिग्रहच आहे. तो कपाटात मावतो की मोबाईलमध्ये, एवढाच फरक.

महाडजवळची गांधारपाल्याची बौद्ध लेणी पाहावीत. पाषाणावर पडलेला छिन्नीचा घाव परत घेता येत नाही; म्हणून कारागिराला घाव घालण्यापूर्वी पूर्ण स्तंभ मनात पाहावा लागे. संगणकावर चुकलेली रेषा एका कळीने पुसता येते. ही मोठीच सोय आहे आणि शिकणाऱ्याला तिने धीर दिला आहे. परंतु चूक पुसता येते म्हणून आधी विचारच न करण्याची सवय लागली, तर हात सुटतो आणि डोळाही सुटतो.

बाजारपेठेतील पाट्यांकडे पाहिले तरी हे ध्यानात येते. खडूच्या रेषा आखून तैलरंगाने अक्षर रंगविणाऱ्या पेंटरची जागा फ्लेक्सने घेतली. फलक स्वस्त झाला, तासाभरात मिळू लागला. पण एका दुकानाचे अक्षर दुसऱ्या दुकानाहून वेगळे ओळखू येईनासे झाले. हा दोष यंत्राचा म्हणावा, तर र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे कार्य समोर येते. आयुष्यभर अक्षराची साधना करणाऱ्या या सुलेखनकारानेच विंडोजमधील देवनागरीचा ‘मंगल’ हा फॉन्ट घडविला. बोरूचे वळण ज्याच्या हातात मुरले होते, त्याच्यापुढे संगणकही लेखणीच झाला. साधन तेच, फरक पडला तो साधकामुळे.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता चार शब्दांच्या आज्ञेवर चित्र काढून देते, स्तवनाला चालही लावते. येथे जैन आचाराने दिलेली एक कसोटी उपयोगी पडते. चालताना, बोलताना, वस्तू उचलताना व ठेवताना सावधानता हवी. तिलाच यत्नाचार अथवा जयणा म्हटले आहे. पाऊल टाकण्यापूर्वी जमीन पाहावी, तसे काही निर्माण करण्यापूर्वी वा पुढे पाठविण्यापूर्वी पाहावे. हे कोणासाठी? हे खरे आहे का? यात स्वतःचे काय आहे? या तीन प्रश्नांना सामोरे गेलेले काम संगणकावर झाले तरी त्यात कला उतरते. न गेलेले काम सोन्याच्या शाईने लिहिले तरी नक्कलच ठरते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे लहानच आहे. येत्या संवत्सरीला शंभर जणांना चित्र अवश्य पाठवावे. दूरदेशीच्या आप्तांपर्यंत ते क्षणात पोहोचते. परंतु ज्या एका माणसाचे मन खरोखर दुखावले आहे, त्याच्यासाठी एक कागद घ्यावा, स्वतःच्या हाताने त्याचे नाव लिहावे आणि चूक कोणती हेही लिहावे. पाठशाळेतील मुलांकडून समासात एखादे स्वस्तिक, एखादे कमळ काढून घ्यावे. अक्षर वाकडे आले तरी चालेल. चारशे वर्षांपूर्वी शालिवाहनाच्या कुंचल्याने जे साधले, त्याचा अंश त्या वाकड्या अक्षरात उतरेल. कारण ते पत्र दुसऱ्या कोणास पाठविता येणार नाही.

जय जिनेंद्र.