लमाणाचे इमान : डॉ. श्रीराम लागू



आज मी आपल्यापुढे एका नटाचे चरित्र मांडणार आहे. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण संतांची, देशभक्तांची, शास्त्रज्ञांची चरित्रे ऐकतो. नटाचे चरित्र म्हटले की मात्र पुष्कळांच्या मनात एक शंका येते. नट करतो काय? दुसऱ्याने लिहिलेली वाक्ये बोलतो, दुसऱ्याची मिशी लावतो, दुसऱ्याचे दुःख दोन-तीन तास अंगावर वागवतो आणि रंग पुसून घरी जातो. मग यात त्याचे स्वतःचे असे काय, की ज्यासाठी आपण एक सबंध संध्याकाळ खर्चावी? शंका रास्त आहे, आणि ती टाळून नटाचा मोठेपणा सांगण्यात अर्थ नाही. डॉ. श्रीराम लागू यांनी तर ही शंका स्वतःच मान्य केली आणि आपल्या आत्मचरित्राला नाव दिले ‘लमाण’.

धारूरकरांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. बालाघाटच्या या डोंगरात तांडे आहेत. ज्या काळी रेल्वे नव्हती, पक्की सडक नव्हती, त्या काळी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट चढणारे आणि उतरणारे हे लोक. कोकणातले मीठ देशावर यावे, देशावरचे धान्य दूरच्या मुलखात जावे, फौजेच्या छावणीला दाणागोटा मिळावा, हे सारे त्यांच्या पाठबळावर चाले. माल त्यांचा नसे. पण गोणी जशी भरली तशीच ती मुक्कामी उतरली पाहिजे, वाटेत भिजता कामा नये, हे इमान त्यांचे असे. लागूंचे म्हणणे असे की, नट हा असाच लमाण. नाटककाराकडचा माल उचलायचा आणि प्रेक्षकापर्यंत पोचवायचा. आजच्या व्याख्यानात मला एवढेच दाखवायचे आहे की, हे शब्द विनयाने काढलेले असले तरी त्यांत एक कडक शिस्त आहे, आणि ती पाळण्यासाठी या माणसाने पुष्कळ मोजले.

श्रीराम बाळकृष्ण लागू यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1927 रोजी सातारा येथे झाला. वडील डॉक्टर. शिक्षण पुण्यात, आणि डॉक्टरकीची पदवी तिथल्याच बी. जे. मेडिकल कॉलेजची. नाटकाचे वेड कॉलेजातच जडले. पन्नासच्या दशकात भालबा केळकर आणि इतर स्नेह्यांसमवेत ते ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ या हौशी संस्थेत काम करू लागले. याच संस्थेने वसंत कानेटकरांचे पहिले नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ 1957 साली रंगभूमीवर आणले. दिवसा दवाखाना आणि संध्याकाळी तालीम असा क्रम. कान, नाक, घसा हा त्यांचा विशेष विषय. त्याच्या अधिक शिक्षणासाठी ते कॅनडा आणि इंग्लंड येथे राहिले, आणि पुढे आफ्रिकेत टांझानियातील टबोरा येथेही त्यांनी शस्त्रवैद्य म्हणून नोकरी केली.

येथवरचे चरित्र एखाद्या सुखवस्तू, सुविद्य गृहस्थाचे चरित्र आहे. पदवी हाती, परदेशचा अनुभव गाठीशी, नाटक हौसेपुरते. महाराष्ट्रात डॉक्टर आणि नट असा संयोग तसा दुर्मिळ नाही. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. परंतु 1969 साली, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, लागूंनी डॉक्टरकी सोडली आणि पूर्ण वेळ नटाचा व्यवसाय पत्करला. कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून ही व्यावसायिक वाटचाल सुरू झाली.

हा निर्णय आपण जरा आपल्या घरात आणून पाहू. आपला मुलगा डॉक्टर झाला आहे, चाळिशी ओलांडली आहे, आणि एके दिवशी येऊन म्हणतो, ‘उद्यापासून दवाखाना बंद, मी नाटकात काम करणार.’ आपण काय म्हणू? पोटाचे काय, हा पहिला प्रश्न. लोक काय म्हणतील, हा दुसरा. हे प्रश्न क्षुद्र नाहीत. ज्यांनी शेत विकून मुलांना शिकवले त्या आईबापांना ते विचारण्याचा अधिकार आहे. मी लागूंचे उदाहरण देऊन कोणाही मुलाला नोकरी सोडायला सांगणार नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की, हा निर्णय विशीतल्या भावनेच्या भरात झालेला नव्हता. जवळजवळ वीस वर्षे हौशी रंगभूमीवर राबून, आपल्या अंगी काय आहे आणि काय नाही हे पारखून झाल्यावर तो झाला. उडी मोठी होती, पण पाण्याचा ठाव घेऊन मारलेली होती.

आणि लगेच पुढच्या वर्षी परीक्षा आली. 23 डिसेंबर 1970 रोजी मुंबईच्या बिर्ला मातुश्री सभागृहात ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. नाटककार वि. वा. शिरवाडकर, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, संस्था गोवा हिंदू असोसिएशन. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया या नाटकावर आहे, हे जाणकारांना ठाऊकच आहे. गणपतराव बेलवलकर हा म्हातारा नट रंगभूमीचा निरोप घेतो, जे मिळवले ते मुलांना वाटून टाकतो, आणि मग मुलाच्या दारी व मुलीच्या दारी अपमान सोसत अखेर रस्त्यावर येतो. त्याची कावेरी शांता जोग यांनी उभी केली. गणपतराव लागूंनी केला तेव्हा त्यांचे वय होते त्रेचाळीस.

या भूमिकेत नटाला बुडवणारे दोन खड्डे आहेत. पहिला खड्डा रडण्याचा. म्हाताऱ्या आईबापांची उपेक्षा हा विषय असा आहे की, नुसता कंठ दाटून आणला तरी अर्धे नाट्यगृह पदर डोळ्याला लावते. दुसरा खड्डा भाषेचा. शिरवाडकर मुळात कवी. त्यांची लांब स्वगते इतकी नादमय की, नट त्यांच्या नादात वाहून जाऊन नुसते पाठांतर गाऊ लागतो. लागूंच्या अभिनयाचे मर्म असे की, त्यांच्या तोंडी ती काव्यमय भाषा त्या क्षणी सुचलेल्या विचारासारखी येई. माणूस आधी विचार करतो, मग श्वास घेतो, मग बोलतो. हा क्रम ते मोडत नसत. घशाच्या डॉक्टराला श्वासाचे मोल कोणी शिकवावे! शिरवाडकरांनी भरलेली गोणी न भिजता, न सांडता मुक्कामी पोचली. 1974 साली या नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा समर्थ नटांनी ही भूमिका केली, यावरूनही माल किती भारी होता हे कळते.

तथापि लमाणाने एकच माल वाहून चालत नाही. ज्या वर्षी ‘नटसम्राट’ आले, त्याच वर्षी लागूंनी विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ दिग्दर्शित केले. एका घरातील लोभ आणि हिंसा इतक्या उघडपणे मराठी रंगभूमीने पूर्वी पाहिली नव्हती. परीक्षण मंडळाने अनेक आक्षेप घेतले. त्यांतला एक लुगड्यावरील रक्ताच्या डागाला होता. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि तो लाल समजावा असे प्रेक्षकांना सांगण्यात आले. 1974 साली गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ आले. त्यात एका साम्यवादी प्राध्यापकाची चौकशी हाच सारा व्यवहार, गाणे नाही, हाणामारी नाही. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेला नट असली जोखमीची ओझी आपण होऊन उचलतो, तेव्हा तो निव्वळ हमाल राहत नाही. काय वाहायचे आणि काय नाकारायचे, ही निवड लमाणाची स्वतःची असते. मघाच्या शंकेचे पहिले उत्तर हे.

आता चित्रपटांकडे वळू. 1972 साली व्ही. शांतारामांच्या ‘पिंजरा’त ते आदर्श मास्तर झाले. गावातून तमाशाचा फड हाकलू पाहणारा हा मास्तर नर्तकीच्या मोहात सापडतो, गावाच्या लेखी मरतो, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप माथी घेतो. ही कथा ‘द ब्लू एंजल’ या 1930 सालच्या जर्मन बोलपटावरून घेतलेली. पण ती मराठी मातीत अशी रुजली की, आज कोणाला तिचे परकेपण जाणवत नाही.

परंतु बीड जिल्ह्यात बोलताना मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो जब्बार पटेलांचा ‘सामना’. तेंडुलकरांनी लिहिलेला हा चित्रपट 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. गाव साखर कारखान्याचे. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा तिथला सर्वेसर्वा. तिथे कोठून तरी एक दारूडा, विटलेला मास्तर येतो. एके काळचा स्वातंत्र्यसैनिक. तो लाठी उगारत नाही, सभा घेत नाही. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढे मात्र तो विचारीत राहतो. त्या एका प्रश्नाने कारखान्याच्या धन्याची झोप उडते.

आपल्या तालुक्यातून दर साली दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेल्या टोळ्या कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. घरी म्हातारी माणसे आणि कुलूप. मुकादमाच्या वहीतले हिशेब आपल्याला माहीत आहेत. त्यामुळे कारखान्याच्या सावलीत एक सामान्य माणूस नाहीसा होतो आणि कोणी विचारीत नाही, ही गोष्ट बर्लिनच्या प्रेक्षकाला रूपक वाटली असेल, आपल्याला ती बातमीसारखी वाटते. त्या मास्तरात लागूंनी कोठेही वीरश्री आणली नाही. पाय लटपटतात, जीभ जड होते, नजर मात्र हटत नाही. दुबळ्या माणसाने विचारलेला खरा प्रश्न किती बळकट असतो, हे त्यांनी दाखवले. पुढे 1979 च्या ‘सिंहासन’मध्ये ते नेमके दुसऱ्या बाजूला उभे राहिले, मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर डोळा ठेवणारा अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे त्यांनी केला.

हिंदी चित्रपटांत त्यांनी पुष्कळ कामे केली. ‘घरौंदा’साठी त्यांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. रिचर्ड ॲटनबरो यांच्या 1982 च्या ‘गांधी’त ते गोपाळ कृष्ण गोखले झाले, मृणाल सेन यांच्या 1989 च्या ‘एक दिन अचानक’मध्ये पावसात घराबाहेर पडून न परतणारे प्राध्यापक झाले. परंतु स्पष्टच बोलायचे तर, त्यांच्या हिंदी भूमिकांतील बऱ्याचशा वडील, वकील, न्यायाधीश अशा ठोकळेबाज होत्या. तिथे गोणी हलकी होती. म्हणूनच ते पुनःपुन्हा रंगभूमीकडे परतले, आणि सत्तरी उलटल्यावर 1999 साली मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’ या नाटकात, अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली, सॉक्रेटिसाचे जड ओझे घेऊन उभे राहिले.

आता एका नाजूक गोष्टीकडे येतो. लागू नास्तिक होते आणि ते त्यांनी लपवले नाही. देवाला आता निवृत्त करावे, असे त्यांनी लिहिले आणि गावोगावच्या सभांतून सांगितले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांसमवेत ते त्यासाठी हिंडले. जवळच अंबाजोगाई आणि परळी ही क्षेत्रे असलेल्या या भागात कित्येकांना हे मत रुचणार नाही. न रुचण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मला त्यातील रीत आपल्या नजरेस आणायची आहे. रंगभूमीवर ते लेखकाचे बोलले. स्वतःचे मत मांडायचे तेव्हा रंग पुसून, सभेत, स्वतःच्या नावाने मांडले, आणि विरोधाला स्वतः तोंड दिले. दुसऱ्याच्या गोणीत आपला माल लपवून नेणे ही लबाडी होय. मघाच्या शंकेचे दुसरे उत्तर मला यात दिसते. लमाणालाही स्वतःचा आवाज असतो. तो कोठे वापरायचा याचे तारतम्य हवे.

हे सारे बोलण्यापुरते राहिले नाही. समाजासाठी पूर्ण वेळ झिजणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडे मानधन मिळावे म्हणून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभारला गेला. त्यासाठी लागू, निळू फुले, तनुजा अशा नामवंतांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले. आणि 1994 साली या घरावर आघात झाला. धावत्या लोकलवर कोणी भिरकावलेला दगड लागून त्यांचा मुलगा तन्वीर गेला. कोणाचा हात, कशासाठी, काही नाही. अशा मृत्यूने माणूस जगावर चिडावा हे स्वाभाविक. लागू दांपत्याने मुलाच्या नावे 2004 पासून ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला, आणि तो रंगभूमीसाठी आयुष्य वेचणाऱ्यांना दिला.

17 डिसेंबर 2019 रोजी पुण्यात, वयाच्या 92 व्या वर्षी, डॉ. लागू गेले.

मंडळी, लमाण घाट चढून येतो खरा, पण माल उतरवून घेणारे गाव नसेल तर त्याचा सारा शीण फुकट आहे. गिधाडे, धर्मशाळा, सॉक्रेटिस असली ओझी एक नट उचलू शकला, कारण तिकीट काढून, अस्वस्थ होऊन का होईना, पण शेवटपर्यंत ऐकणारे प्रेक्षक होते. धारूरचा एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या गणपतीच्या मांडवात, शाळेच्या संमेलनात एखादे अवघड नाटक घेऊन उभी राहील. तिचे उच्चार अडखळतील, पडदा मध्येच अडकेल. त्या वेळी आपण उठून न जाता बसून राहिलो, तर या व्याख्यानाचे चीज झाले असे मी समजेन.