साथीच्या सालांतील सागरसफर



मासे धरण्याचा छंद आपणांपैकीं पुष्कळांस नसेल. पण जुन्या मित्रांनीं वर्षांतून एकदां एकत्र जमण्याची गोडी ज्याला ठाऊक नाहीं, असा गृहस्थ विरळा. ह्या दोहोंचा मेळ घालणाऱ्या एका अमेरिकन प्रथेविषयीं, आणि २०२० सालच्या महासाथीनें तिच्यापुढें जो पेंच टाकला त्याविषयीं, मी आज चार शब्द सांगणार आहें.

फ्लॉरिडा संस्थानाच्या दक्षिण टोकास बेटांची एक लांबच लांब माळ आहे. तिला फ्लॉरिडा कीज म्हणतात. बेटांजवळून गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह वाहतो, आणि आपल्या सुरमईच्या भाऊबंदांसह नाना जातींची मासळी तेथें मिळते. तेथील तांडेल आपली बोट दिवसाच्या बोलीनें भाड्यानें देतात. गळ, आमिष, इंधन आणि हाताखालीं एक खलाशी, हें सर्व त्यांचें. भाडें सबंध बोटीचें असतें; उतारू कमी म्हणून तें घटत नाहीं. लहान परवान्याच्या बोटीवर मात्र पैसे देणारे उतारू सहांपेक्षां अधिक घेतां येत नाहींत. पुण्यास एका वर्गांत शिकलेले आणि पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेले आम्ही मित्र नेमके सहा. दर मे महिन्यांतली ही सफर अठरा वर्षें अखंड चालली होती.

११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें महासाथ जाहीर केली. २२ मार्चपासून कीज बेटें पाहुण्यांस बंद झालीं. लवकरच हमरस्त्यावर पहारे बसले, ते १ जूनला उठले. आमची गंमत बुडाली. तांडेलाचा हंगाम बुडाला. बोटीच्या कर्जाचे हप्ते तेवढे कायम राहिले. अमेरिकन काँग्रेसनें मार्चअखेर मासेमारीच्या धंद्यास ३० कोटी डॉलर मंजूर केले आणि त्यांत भाड्याच्या बोटवाल्यांचाहि समावेश केला. पण मंजूर झालेला पैसा आणि हातांत पडलेला पैसा यांत अंतर असतें.

ऑक्टोबरांत प्रश्न आला: जावें कीं न जावें? आम्ही सारे सत्तरीच्या आसपासचे, आणि लस अद्याप मिळत नव्हती. एक जण म्हणाला, "उघड्या समुद्रावर, वाऱ्यांत, कसली रे साथ?" दुसऱ्यानें विचारलें, "पण समुद्रापर्यंत पोहोंचणार कसा?" मुद्याचा प्रश्न हाच होता. कोंदट हवेंत माणसें जवळजवळ बसून बोलतात, तेथें हा रोग अधिक पसरतो. म्हणजे धोका बोटीवर थोडा; एका मोटारींतील प्रवास, सामाइक खोली आणि रात्रीची पत्त्यांची बैठक यांत फार. आणि आमच्या सफरीचा गाभा तर ती बैठकच! मासे हें निमित्त.

आमच्यांतील एकास मधुमेह होता. तो दूरध्वनीवर म्हणाला, "तुम्ही जा. मी या खेपेस येत नाहीं. माझी वर्गणी मात्र धाडतों. आणि खलाशाची बक्षिसी विसरूं नका." कोणींहि त्याला आग्रह केला नाहीं. आग्रह हें आपल्याकडे स्नेहाचें लक्षण मानतात. त्या दिवशीं तो न करण्यांतच स्नेह होता.

आम्ही पांच जण पांच मोटारींतून गेलों, पांच खोल्यांत उतरलों, आणि तोंडास पट्टी बांधून बोटीवर अंतरानें बसलों. पत्त्यांचा जोड पेटींतून निघालाच नाहीं. मासे मिळाले, मौज, खरें सांगावयाचें तर, निम्मीच आली.

जानेवारी २०२१ मध्यें तो सहावा मित्र ह्याच रोगानें गेला. घराबाहेर तो क्वचितच पडे. तरी संसर्ग घरांत आला. डिसेंबरांत लस टोंचणें सुरू झालें होतें, पण त्याची पाळी आली नव्हती. मग त्याची सावधगिरी व्यर्थ गेली काय? मला तसें वाटत नाहीं. 'आपणच तर त्याला रोग दिला नाहीं ना,' ही टोचणी आम्हां पांचांपैकीं एकालाहि लागलेली नाहीं. त्याच्या त्या नकारानें आमच्यावर हे उपकार केले आहेत.

आम्ही अजून जातों. त्याचा हिस्सा आतां पांच जण वांटून भरतों. तो काळ आतां सरला आहे. ५ मे २०२३ रोजीं आणीबाणी संपल्याचेंहि जाहीर झालें. तथापि आपल्या मेळ्यांतला एखादा सोबती केव्हां "या खेपेस नको" म्हणाला, तर त्याची थट्टा करूं नये, इतकेंच मला सुचवावयाचें आहे. त्याची जागा राखावी, आणि संध्याकाळीं त्याला आठवणीनें हांक मारावी.